काळ्या वडीची भट्टी

मित्रांनो, बोरी अरबहून तासभर चालत गेलं की एक लहानसं गाव लागतं. त्या गावातल्या बालवाडीच्या जुन्या खोलीमागे एक पडवी आहे आणि त्या पडवीत मी बसून आहे. मला पाहून तुम्ही म्हणाल, हा तर घासलेटचा गंजका डबा. तुमचं फारसं चुकलेलं नाही. माझा जन्म घासलेटच्या डब्यातूनच झाला. पण मी भाजायची भट्टी आहे, आणि एके काळी गावातली वीस-बावीस लेकरं माझं दार कधी उघडतं याची वाट बघत ओळीने बसलेली असायची. त्यांतल्या एका लेकराविषयी मला बोलायचं आहे. माझी स्वतःची हकिकत त्या मानाने साधी आहे, ती बोलता बोलता सांगून होईल.

सन १९५८ मध्ये दारव्ह्याच्या बाजारात एक म्हातारा पत्र्याच्या चाळण्या, नरसाळी आणि चिमण्या करत बसायचा. एके दिवशी विमलताई सायकलवरून त्याच्याकडे आल्या. विमलताई म्हणजे आमच्या भागातल्या ग्रामसेविका. सायकल चालवणारी बाई तेव्हा नवलाची होती, त्यामुळे त्या जातील तिथे चार माणसं गोळा व्हायची. त्यांनी काडीने मातीत माझं चित्र काढून दाखवलं. म्हाताऱ्याने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "बाई, ये संदूक है या चूल्हा?" विमलताई म्हणाल्या, दोन्ही.

म्हाताऱ्याने डबा आडवा केला, पुढे बिजागरीचं दार बसवलं, आत सळयांची जाळी घातली आणि माथ्याच्या कडा वर वळवल्या, म्हणजे निखारे घसरू नयेत. पोटाखाली शेगडी आणि डोक्यावर निखारे असं आयुष्य माझ्या वाट्याला आलं. तुम्हाला माझी दया येईल, पण मला ते मानवलं. ज्या दिवशी विस्तव नसायचा त्याच दिवशी मला करमायचं नाही.

आता मला करवून घेण्याचं कारण सांगते. सरकारकडून बालवाडीसाठी दुधाची भुकटी येऊ लागली होती. त्यात प्रथिनं असतात, त्याने लेकरं अंग धरतात, असं विमलताई प्रशिक्षणात शिकून आल्या होत्या. गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिलं पोतं चावडीत उतरलं तेव्हा तिथल्या माणसाने चुना समजून ते कालवलं आणि भिंतीला फासलं. आठवडाभर त्या भिंतीवर माश्या होत्या आणि खाली सगळ्या गावाची मांजरं. दुसऱ्या पोत्याचं दूध करून लेकरांना दिलं, तर त्यांनी वास घेऊन पेले पालथे घातले.

विमलताईंचं लहानपण यवतमाळात एका मिशनच्या बंगल्याशेजारी गेलं होतं. तिथली बाई नाताळात मैदा, पांढरी साखर, पुष्कळसं लोणी आणि कोकोची भुकटी घालून एक काळसर, मऊ वडी भाजायची आणि शेजारच्या मुलांना वाटायची. ती चव विमलताईंच्या जिभेवर राहिली होती. त्यांनी तीच वडी गावाच्या पद्धतीने करायचं ठरवलं. मैद्याच्या जागी गव्हाचं आणि फुटाण्याचं पीठ आलं, साखरेच्या जागी गूळ आणि लोण्याऐवजी पळीभर जवसाचं तेल. कोको आमच्याकडे कुठला असायला? त्या जागी तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ तांबूस होईस्तोवर भाजून घेतलं. या सगळ्यात दुधाची भुकटी आणि चिमूटभर सोडा मिसळला. अंगाला लागणारं सगळं त्यात होतं आणि लेकरांना मात्र तो खाऊ वाटायचा.

पहिली थाळी अगदी दगड झाली. सरपंच सदाशिवराव चाखायला बसले होते. त्यांची एक दाढ बरेच दिवस हलत होती, ती पहिल्याच घासाला हातात आली. नंतर कित्येक दिवस गावातली माणसं दात दुखला की भट्टीकडे जा म्हणून एकमेकांना चिडवायची. पण दुसरी थाळी जमली, तिसरी त्याहून छान झाली, आणि लेकरांनी तिचं नाव काळी वडी ठेवलं.

ती जमवणारी बाई म्हणजे तानाबाई. मारोतराव पाटलांची बायको. दोन्ही मुली सासरी गेलेल्या, घर रिकामं, म्हणून विमलताईंच्या शब्दाखातर ती बालवाडीत यायला लागली. तिच्या हाताला अंदाज होता. माझ्या पोटात ती कागदावर चिमूटभर पीठ ठेवायची आणि रंग पाहायची. पीठ लगेच काळं झालं तर माथ्यावरचे निखारे कमी करायची, पांढरंच राहिलं तर पंख्याने वारा घालायची. भाजताना ती माझ्याशी बोलायची. जावयाच्या तक्रारी, गुडघ्याचं दुखणं, सगळं मला ठाऊक होतं. ती वाईट बाई नव्हती, मित्रांनो. पुढचं ऐकताना हे ध्यानात ठेवा, कारण ती वाईट असती तर मला एवढा त्रास झाला नसता.

गावाच्या खालच्या अंगाला उकंडाची वस्ती होती. उकंडा १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. आल्यावर त्याने घरातले देव नदीत सोडले. मेलेलं ढोर ओढणं त्याने सोडलं आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागायला जाणंही बंद केलं. दीक्षा घेतली तेव्हा त्याची मुलगी वर्षाची होती. तिचं ठकी हे नाव बदलून त्याने सुजाता ठेवलं. बुद्धाला खीर देणारी ती सुजाता, हे तो भेटेल त्याला सांगायचा.

विमलताई त्याच्या घरी गेल्या, तिथलं पाणी प्यायल्या आणि सुजाताला बालवाडीत पाठवा म्हणाल्या. सगळी लेकरं एका ओळीत बसतील असा त्यांनी शब्द दिला. उकंडाने थोडा विचार केला. या गावात पिढ्यान् पिढ्या त्याच्या माणसांना भाकर, मीठ, मजुरी, जे काय द्यायचं ते वरून टाकून दिलं जायचं. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याची ओंजळ खाली, मध्ये वीतभर जागा.

"पोरगी पाठवीन ताई," उकंडा म्हणाला. "पन तिले हातात भेटलं पायजे. आमी आता वरून टाकलेलं घेत नाही."

विमलताईंनी हे बालवाडीत सगळ्यांदेखत सांगितलं. तानाबाईने मान हलवली. तिला ते पटलंही होतं, असं मला अजून वाटतं.

सुजाता आली तेव्हा पाच वर्षांची होती. अंगाने काडी, डोळे मोठे, आणि बोलणं असं की विमलताईंनाही उत्तर सुचू नये. मला ती भट्टीबाई म्हणायची. ती ओळीत पाचवी बसायची. पहिल्या दिवशी मी माझ्या जागेवरून पाहत होते. तानाबाई थाळी घेऊन निघाली. पहिल्याच्या हातात वडी ठेवली, दुसऱ्याच्या ठेवली, तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. पाचव्या हातापाशी तिचा हात आपोआप वर गेला आणि वडी वीतभर उंचीवरून सुजाताच्या तळव्यात पडली. सहाव्या लेकरापाशी तिचा हात परत खाली आला. हे तिचं तिला कळलंही नाही. चाळीस वर्षं तो हात तेच करत आला होता.

विमलताई त्याच सुमाराला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अमरावतीला गेल्या. त्या असत्या तर त्यांच्या नजरेला हे आलं असतं. लेकरांपैकी कुणाला त्यात वावगं दिसलं नाही, कारण सगळ्यांनी घरी तेच पाहिलेलं होतं. सुजाताला मात्र दिसलं. पंधरा-वीस दिवस तिने ते पाहिलं आणि एक दिवस सरळ विचारलं.

"आजी, माह्याच हातात वरून काहून टाकतं?"

तानाबाई दचकली. तेव्हा कुठे तिला स्वतःचा हात दिसला. ती खरं बोलू शकली असती, किंवा नुसती वडी हातात ठेवली असती तरी काम झालं असतं. पण ओळीतली सगळी लेकरं बघत होती आणि ती गोंधळून गेली.

"गरम असते वं बाई," ती म्हणाली. "तुहा हात पोयन."

वडी गरम नव्हती. ती माझ्या पोटातून निघून तासभर झाला होता, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी सुजाता आली ती हात कोपरापर्यंत ओला करून. वाटेत वाळू नये म्हणून बंद मुठीत पाणी धरून आणलं होतं. ओळीत बसली आणि तानाबाई पुढे येताच तिने आपला तळवा वर केला. त्यावरून पाणी गळत होतं.

"आजी, हात ओला करून आली. आता नाही पोयत. आता ठेव."

मित्रांनो, जुन्या माणसांच्या शिवाशिवीत कोरडं एक वेळ चालायचं, ओलं मुळीच चालायचं नाही. पाण्यातून विटाळ लागतो अशी त्यांची समजूत. त्या पाच वर्षांच्या पोरीला यातलं काय माहीत? तिने आपल्या परीने तानाबाईची अडचण दूर केली होती. तो ओला हात जवळ येताना पाहून तानाबाईने झटक्यात आपला हात मागे घेतला. वडी धुळीत पडली. सुजाता ती उचलायला वाकली.

त्या दिवशी सत्यभामा, म्हणजे सुजाताची आई, शेतावर होती, म्हणून उकंडा मुलीला न्यायला आला होता. तो दारातच उभा होता.

"सुजाता, ते तिथंच राहू दे."

पोरगी वाकलेली सरळ झाली. उकंडा ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. तानाबाईकडे पाहून एवढंच म्हणाला, "पाटलीनबाई, आमी एकच गोष्ट मांगली होती." मग त्याने मुलीला हाक मारली. ती माझ्याजवळून जाताना अडखळली आणि तोल सावरायला तिने माझ्या दारावर हात टेकला. मी निवलेली होते. तो ओला, गार, इवलासा तळवा मला अजून आठवतो. ती पुन्हा बालवाडीत आली नाही.

दोन-तीन दिवसांत माझ्या दारावर गंजाचा डाग उमटला. चार बोटं आणि एक अंगठा. तानाबाईने तो राखेने घासला, चिंचेने घासला, वीट फोडून तिच्या भुकटीने घासला. पत्रा पांढरा व्हायचा आणि आठ दिवसांनी तो हात परत वर यायचा. विमलताईंचं पत्र आलं, त्यात सुजाताची चौकशी होती. तानाबाईने शाळेच्या मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं की पोरगी येत नाही, बरं नसेल.

फाल्गुनात खालच्या वस्तीत गोवर आला. सुजाता त्यातून उठली, पण पाठोपाठ हगवण लागली. उकंडाने तिला बैलगाडीत घालून दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात झुंजायला काही उरलंच नाही, हिला दूध, डाळ, शेंगदाणे असं काही रोज पोटात जायला हवं होतं. विमलताई परत आल्या, सगळं कळलं तशा भुकटीचा डबा घेऊन धावत त्यांच्या घरी गेल्या. चार दिवस त्यांनी आणि सत्यभामेने चमच्याने दूध पाजलं. पाचव्या दिवशी सुजाता गेली.

ही बातमी तानाबाईला माझ्यासमोर कळली. ती कणीक मळत होती. ती मळतच राहिली. परातीतलं पीठ केव्हाच मळून झालं होतं तरी तिचे हात थांबेनात. शेवटी विमलताईंनी परात ओढून घेतली.

त्यानंतर तानाबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. वड्या वाटून झाल्या, लेकरं घरी गेली की ती खोलीत एकटीच बसायची. आणि एका दुपारी माझ्याकडून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. तानाबाई उठून दारापाशी गेली. बाहेर कुणी नव्हतं.

तो आवाज माझाच होता, मित्रांनो. पत्रा तापला की फुगतो आणि निवताना जागेवर येतो, तेव्हा तो असा वाजतो. मी पहिल्या दिवसापासून वाजत आले होते, पण तेव्हा खोलीत लेकरांचा गलका असायचा. तानाबाईला वाटायचं, पोरगी माझ्या दारावर बोटाने वाजवते आहे. मला सांगता येत नव्हतं. मी निवत जायचे आणि वाजत राहायचे, आणि समोर ती बाई पदर तोंडात धरून बसलेली असायची.

पुढे जमिनीवरही तिला हात दिसायला लागले. सोमवारी शेणाने सारवलेलं असायचं. सारवण ओलं असताना त्यात लहानसा पंजा उमटलेला तिला दिसायचा. वीस लेकरांच्या बालवाडीत पंजे उमटायचेच. पण तानाबाई एकेका लेकराला बोलावून त्या ठशात हात ठेवायला लावायची. कुणाचा मोठा व्हायचा, कुणाचा लहान. कुणाचाच बरोबर बसला नाही. मी दिवसभर तिथेच होते. मी कुणालाही येताना पाहिलं नाही. ठसा मात्र पाहिला. आणि एकदा, तीन दिवस सुट्टी होती, शेगडीत राखसुद्धा नव्हती, मी अगदी गार पडलेली होते, तेव्हाही टक् असं वाजलं. तो आवाज कुणाचा होता, ते मला आजवर कळलेलं नाही.

कुणीतरी तानाबाईला उतारा टाकायला सांगितलं. अवसेच्या दिवशी भर बारा वाजता तिने एका पानावर काळी वडी ठेवली, लिंबू ठेवलं, कुंकू वाहिलं आणि जिथे गावची वाट खालच्या वस्तीच्या वाटेला मिळते त्या चौकात ते नेऊन ठेवलं. तिच्या मनात पोरीचा आत्मा शांत व्हावा एवढंच होतं. पण ती वाट कुणाची आहे, एवढा विचार तिने केला नाही.

सत्यभामा चाऱ्याचा भारा घेऊन त्याच वाटेने आली. काळी वडी गावात दुसरीकडे कुठेच होत नव्हती. तिने भारा तिथेच टाकला, पान उचललं आणि बालवाडीच्या दारात आली. लेकरं गेली होती. खोलीत तानाबाई होती आणि मी.

"हे तुमी ठेवलं? माह्या सुजातासाठी?"

तानाबाईने मान हलवली. सत्यभामेने ते पान जमिनीवर ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला.

"माही लेक भूत नाही झाली, पाटलीनबाई. आमी भूत मानत नाही. ते मेली. मी तिले ह्या हातानं मातीत ठेवलं. ते कोनाच्या चौकात बसून वडी मांगून नाही राह्यली. जिती होती तवा मांगतली होती."

"ते दार वाजवते वं," तानाबाई म्हणाली. "रोज वाजवते."

"तुमाले वाजते."

तानाबाई खाली बसली. मग इतके महिने जे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही आणि विमलताईंनाही नाही, ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. वडी गरम नव्हती. पोरीने विचारलं तेव्हा काय सांगावं ते सुचलं नाही, म्हणून हात पोळेल असं खोटंच सांगितलं. ते लेकराला खरं वाटलं.

सत्यभामा दाराशीच खाली बसली. मग अगदी हळू विचारलं, "म्हनून ते हात ओला करून आली होती?"

"हो."

"त्या दिवशी सकायी तिनं रांजनात हात घातला होता," सत्यभामा म्हणाली. "प्याचं पानी नासवलं म्हनून मी मारलं तिले. काहून घातला ते सांगतच नव्हती. मी अजून दोन मारल्या."

मग ती रडली. इतके दिवस गावाने तिला रडताना पाहिलं नव्हतं. दोघी बाया खोलीच्या दोन टोकांना बसून रडत होत्या आणि कुणी उठून कुणापाशी गेलं नाही. मी पत्र्याची आहे. मला हात असते तर मी काहीतरी केलं असतं.

जायला उठली तेव्हा सत्यभामा दारात थांबली. तिला धाकटी मुलगी होती, विशाखा, अडीच वर्षांची, बहिणीसारखीच अंगाने काडी. उकंडाने तिला बालवाडीच्या वाटेलाही जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. सत्यभामेच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरांचे शब्द तिच्या कानात असणार. एक गेली, दुसरीला वाचवायचं तर घरात दूध नाही, डाळ नाही, आणि वडी आहे ती इथे.

"उद्या वडी मी भाजीन," ती म्हणाली. "पहिली तुमी खासान, माह्या हातची, सगळ्यायच्या समोर. मंग माही विशाखा ह्या ओळीत बसन. तिच्या बापाले मी समजावीन. तुमच्याच्यानं होत नसन तर आताच सांगा."

तानाबाई ते पान उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा बऱ्याच महिन्यांनी माझ्याशी बोलली. रात्री तिने नवऱ्याला सांगितलं होतं. मारोतराव म्हणाले होते, खायचं तर खा, पण मग माझ्या चुलीला हात लावायचा नाही. एवढं सांगून तिने माझ्या खालचा विस्तव फुंकला.

सगळं गाव लोटलं होतं म्हटलं तरी चालेल. सदाशिवराव खुर्ची टाकून बसले. विमलताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. उकंडा आवाराबाहेर लिंबाखाली उभा राहिला, आत आला नाही. सत्यभामेने पीठ कालवलं, गूळ चिरून विरघळवला, थाळीला तेलाचं बोट फिरवलं. विस्तवाचा अंदाज तिला नव्हता. तानाबाई लांबूनच सांगत होती, माथ्यावरचे दोन निखारे काढ, आता ठेव, आता उघडू नको. मी माझ्याकडून जेवढं करता येईल तेवढं केलं. उष्णता एका बाजूला जाऊ दिली नाही. तशी वडी मी आधी कधी भाजली नव्हती.

थाळी निवली. सत्यभामेने सुरीने तुकडे पाडले आणि एक उचलला. तानाबाईने हात पुढे केला. सत्यभामेने वडी उचलून धरली आणि क्षणभर तिचा हात वरच थांबला. खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं, ही आता वरून टाकणार. टाकली असती तरी कुणाला नाव ठेवता आलं नसतं. पण तिने हात खाली आणला आणि वडी तानाबाईच्या तळव्यावर ठेवली.

तानाबाईने तुकडा मोडला नाही. सगळी वडी तोंडात घातली आणि सगळ्यांकडे तोंड करून चावून खाल्ली. गिळायला वेळ लागला. बायकांपैकी दोघी-तिघी उठून गेल्या. तानाबाईने पदराने ओठ पुसले.

"गूळ कमी पडला वं," ती म्हणाली.

"उद्या तुमी टाका," सत्यभामा म्हणाली आणि विशाखाला ओळीत नेऊन बसवलं.

मग तानाबाई थाळी घेऊन निघाली. विशाखापाशी आल्यावर तिचा हात परत वर जायला लागला. मी पाहिलं. चाळीस वर्षांची सवय एका वडीने जात नाही. तो अर्ध्यावर थांबला, आणि मग ती गुडघे दुखत असताना खाली बसली आणि वडी त्या पोरीच्या हातात ठेवली. लहान लेकरं करतात तसं विशाखाने वडीबरोबर तिचं बोटही मुठीत घट्ट धरलं. तानाबाईने ते सोडवून घेतलं नाही. बाकीची लेकरं वडीसाठी ओरडायला लागली तरी ती तशीच बसून राहिली. लिंबाखालचा उकंडा तेव्हा पाठ फिरवून उभा होता.

मारोतरावांनी वर्षभर तानाबाईच्या हातचं खाल्लं नाही. ती घराच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहिली. रोज बालवाडीत येत राहिली, आणि काही दिवसांनी सत्यभामाही विमलताईंच्या सांगण्यावरून तिच्याबरोबर कामाला लागली. दोघींचं फार गूळपीठ झालं असं मी म्हणणार नाही. पीठ किती, सोडा किती, एवढंच त्या बोलायच्या. विशाखा अंगाने भरली. नंतर ती शाळेत जायला लागली आणि तिथल्या पोरांच्या खोड्या काढायला लागली.

एकदा दुपारी तानाबाई सत्यभामेला म्हणाली, आता मला काही ऐकू येत नाही. सत्यभामा म्हणाली, चांगलं झालं. तानाबाई मान खाली घालून शेंगदाणे निवडत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "येत होती तवा वाटे, कधीतरी दारात दिसन अन् हातात देईन." सत्यभामेने सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुढे बालवाडी नव्या इमारतीत गेली. तिथे सुकडीची तयार पाकिटं यायला लागली आणि माझं काम संपलं. तानाबाईही गेली. मी इथे पडवीत आहे. पावसाचं पाणी माझ्यावर गळतं, कोंबड्या माझ्या पोटात अंडी घालतात. माझा तळ झिजला आहे. मला घासून-पुसून कपाटात ठेवा असं माझं मागणं नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर तळाला एक पत्रा ठोकून घ्या आणि मला परत विस्तवावर ठेवा. आणि भाजलेलं कुणाला द्याल, तेव्हा त्या हातापर्यंत वाका.

रोज ती वडी पोटात गेली असती तर सुजाता जगली असती का? डॉक्टरांना सांगता आलं नाही, मलाही सांगता येणार नाही. ती वडी तिच्या हातात ठेवायला हवी होती, एवढं मात्र मला त्याच दिवशी कळलं होतं.